तारा आणि गळा : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न गिटार वाजवत स्वतः गाणाऱ्यांचे आहेत, आणि ते ऑल्टरनेटिव्ह रॉक या एकाच वाटेवरचे आहेत. एका प्रश्नात जिवाचा धोका आहे. त्याचं उत्तर आम्ही मुद्दाम लांब दिलं आहे. ज्यांनी विचारलं नाही त्यांनीही ते वाचावं.

प्रश्न : परभणीत आमचा तिघांचा बँड आहे. मी गातो आणि गिटार वाजवतो. कर्ट कोबेनही लहान गावातला होता म्हणतात. त्याचं करिअर नेमकं घडलं कसं? पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय काही होतं का? — एक वाचक, परभणी

कोबेन म्हणजे ऑल्टरनेटिव्ह रॉकमधला नावाजलेला गायक-गिटारवादक. त्याचं गाव अ‍ॅबर्डीन, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं, लाकडाच्या धंद्यावर जगणारं. मोठं शहर म्हणजे सिअ‍ॅटल, साधारण परभणीहून संभाजीनगर असावं तेवढं लांब. १९८७ साली त्याने बेसवादक क्रिस्ट नोव्होसेलिकबरोबर बँड उभा केला, तोच पुढे निर्व्हाना झाला. सुरुवातीला ड्रमवादक टिकत नव्हते. ऑलिंपिया, टकोमा, सिअ‍ॅटल असं गाडीने जायचं, वाजवायचं आणि परतायचं, अशी ती पहिली वर्षं होती. पहिला अल्बम १९८९ साली सब पॉप या छोट्या कंपनीने काढला. त्याच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च ६०६ डॉलर आणि वर काही सेंट. तेही जेसन एव्हरमन या गिटारवादकाने भरले, आणि एकही सूर न वाजवता त्याचं नाव अल्बमवर छापलं गेलं. १९९० साली डेव्ह ग्रोल ड्रमवर आला. सप्टेंबर १९९१ मध्ये दुसरा अल्बम निघाला आणि जानेवारी १९९२ मध्ये तो अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिला आला. एप्रिल १९९४ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी कोबेनने आयुष्य संपवलं. व्यसन आणि नैराश्य त्याच्या गाण्याचं इंधन होतं असं कुणी सांगितलं तर मानू नका. त्यांनी त्याचं गाणं थांबवलं.

त्याच्याकडून घेण्याजोगी गोष्ट त्या ६०६ डॉलरमध्ये आहे. स्टुडिओत पाऊल ठेवण्याआधी गाणी घासूनपुसून तयार होती, म्हणून एवढ्या थोड्या पैशांत काम झालं. तुम्हीही स्टुडिओ ठरवण्याआधी मोबाइलवर अख्खं गाणं न थांबता तीनदा रेकॉर्ड करा. पहिल्या आणि तिसऱ्या वेळची लय मोजा. मिनिटाला चार ठोक्यांहून जास्त फरक पडत असेल तर अजून वेळ आहे, कारण ती दुरुस्ती स्टुडिओत तासाच्या भावाने होते.

परभणी सोडण्याची घाई करू नका. तुमचं कॉलेज नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येत असेल, तर युवक महोत्सवात पाश्चात्त्य एकल गायन आणि समूहगायन आहे का, साथीला किती जण चालतात, हे कॉलेजच्या विद्यार्थी विकास विभागात याच आठवड्यात विचारा. एका संध्याकाळी तिथे जेवढे कान मिळतात, तेवढे मोठ्या शहरातल्या कॅफेत महिनाभरात मिळत नाहीत. गाणी पाच-सहा झाली की मग महिन्यातून एकदा शहरात जाऊन वाजवून या.

प्रश्न : नुसती गिटार नीट वाजते, नुसतं गाणंही जमतं. दोन्ही एकत्र केलं की हात अडखळतो. — एक वाचक, औसा

हात अजून स्वतःच्या पायावर उभा नाही, एवढंच. डावा हात तारांवर अलगद ठेवून सूर दाबून टाका. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा आणि उजव्या हाताने खाली-वर, खाली-वर पाच मिनिटं चालू ठेवा. आता समोर वर्तमानपत्र धरा आणि एक बातमी मोठ्याने वाचा. हात थांबला, घाईला आला किंवा वाचण्याच्या लयीत ओढला गेला, तर गाणं जोडण्याची वेळ आलेली नाही. अख्खी बातमी वाचून होईपर्यंत हात चालत राहिला, की पुढे जा.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. शब्द गाऊ नका, लयीत नुसते बोला. प्रत्येक अक्षर हाताच्या खालच्या फटक्यावर पडतं की वरच्या, ते कागदावर बाण काढून लिहा. अडखळणं सगळ्या ओळीत नसतं. जो शब्द वरच्या फटक्यावर सुरू होतो, तिथे हात त्याला खाली ओढू पाहतो. तेवढ्याच दोन ठोक्यांचा तुकडा वीस वेळा फिरवा. मग शब्द सोडून चाल गुणगुणा, आणि शेवटी दोन्ही जोडा. वेग एका वेळी चारनेच वाढवा.

आणि गाताना गिटार सोपी करा. अवघड रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) ओळींच्या मधल्या जागेत वाजवा आणि शब्दांखाली नुसती कॉर्ड ठेवा. त्यात कमीपणा नाही. उलट गाणं जास्त कळतं.

पट्टाही तपासा. गिटार गुडघ्यापर्यंत लोंबली की मनगट मोडतं, नजर फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) जाते आणि मान वाकून गळा दुमडतो. बसून वाजवताना गिटार जिथे येते तिथेच उभं राहिल्यावरही आली पाहिजे. फ्रेटबोर्डाच्या वरच्या कडेला ठिपके असतात. समोरून पाहण्याऐवजी त्यांवर ओझरती नजर टाकायची सवय लावा.

पट्टी मात्र गिटारच्या सोयीने निवडू नका. धृपदातला सर्वांत वरचा सूर सलग चार वेळा न ताणता लागला, तरच ती पट्टी तुमची. वर ओढ बसत असेल तर सगळ्या तारा अर्धा सूर उतरवा. त्याने तारेवरचा ताण सुमारे ११ टक्के कमी होतो, पूर्ण सूर उतरवला तर २१ टक्के. म्हणून सर्वांत बारीक तार ०.००९ इंच जाड असलेला संच ढिला पडून खणखणू लागतो. अशा वेळी ०.०१०चा लावा.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. बँडमध्ये गाते, धृपदात ओरडते. सरावानंतर दोन-दोन दिवस आवाज बसतो. गाणं बंद करायला सांगू का? — एक आई, अंबाजोगाई

ताई, गाणं बंद करू नका, ओरडण्याची रीत बदलायला लावा. मधल्या सप्तकातल्या साध्या सुरातही स्वरतंतू सेकंदाला अडीचशे ते पाचशे वेळा एकमेकांवर आपटतात. घशाच्या जोराने ओरडलं की ती आपट वाढते, तंतू सुजतात. सूज उतरायच्या आत पुन्हा ओरडलं, की कालांतराने त्यांवर गाठी येतात.

ती का ओरडते, ते आधी शोधा. सरावाच्या खोलीत ड्रम आणि अ‍ॅम्पच्या आवाजात तिला स्वतःचाच आवाज ऐकू येत नसणार. गळ्याची नासाडी बहुतेक इथेच होते. गिटारचा अ‍ॅम्प तिच्या कानाच्या रेषेत नको, गिटारवाल्याच्या कानाकडे तिरपा करून ठेवा. तिच्यासमोर एक स्पीकर मॉनिटर म्हणून लावा आणि त्यात फक्त तिचा आवाज सोडा. माइक ओठांपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, ओरडताना दहा-पंधरावर. माइकची जाळी मुठीत धरू देऊ नका. त्याने माइक चारी बाजूंचं ऐकू लागतो, शिट्टी वाजते, आणि ती आणखी ओरडते.

सरावात ओरडण्याची जागा तीन-चार वेळाच, बाकी फेऱ्या हलक्या आवाजात. आधी आणि नंतर पाच-पाच मिनिटं हा व्यायाम : पेल्यात पाणी घ्या, साध्या स्ट्रॉचं टोक दोन-तीन सेंटिमीटर बुडवा आणि बुडबुडे काढत ‘ऊ’ असा सूर खालून वर, वरून खाली न्या. पाण्याच्या उलट्या दाबाने तंतू हलके मिटतात. आवाज बसला असताना कुजबुजू देऊ नका, त्याने आराम मिळत नाही. सरावाहून उशिरा येऊन भाकरी-ठेचा खाऊन लगेच आडवं होणंही टाळा. आम्लपित्त वर येऊन तंतूंनाच लागतं. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर हवं.

तिचा आवाज दर वेळी दोन दिवस बसतो, म्हणजे ही नुसती थकावट नाही. दोन आठवडे पूर्ण विश्रांती देऊन पाहा. तरी घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि दुर्बिणीने स्वरयंत्र पाहायला सांगा. नुसता घसा पाहून गाठ दिसत नाही. गाता गाता आवाज एकाएकी गेला, तर त्याच दिवशी न्या आणि तोवर बोलूही देऊ नका.

प्रश्न : गणपतीत मंडपात वाजवताना माइकला ओठ लागला की झिणझिण्या येतात. एकदा चांगलाच झटका बसला. साऊंडवाले दादा म्हणाले, चप्पल घालून गा. — एक वाचक, कळमनुरी

चप्पल घालून गाऊ नका. दोष सापडेपर्यंत गाऊच नका. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे लेस हार्वी हा गिटारवादक मंचावर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून झटक्याने मरण पावला.

कारण समजून घ्या. गिटारच्या तारा ब्रिजखालच्या वायरने आणि केबलने अ‍ॅम्पच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. माइकची जाळी केबलच्या आवरणातून मिक्सरच्या सांगाड्याशी. दोन्हींचं अर्थिंग नीट असेल तर त्यांच्यात व्होल्टेज नसतं. पण एकाचं अर्थिंग तुटलेलं असेल आणि आत कुठे फेज सांगाड्याला लागला असेल, तर तुमच्या बोटांवर एक व्होल्टेज आणि ओठांवर दुसरं. मधला रस्ता छातीतून जातो. चप्पल हातातून पायाकडे जाणारी वाट अडवते. ओठ आणि हात यांच्यामधली वाट ती अडवत नाही. नुसता गायक किंवा नुसता गिटारवादक एकाच वस्तूला धरून असतो. तुम्ही दोन्हींना धरून असता, म्हणून हा धोका तुम्हालाच जास्त.

तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर गिटारच्या पिशवीत कायम ठेवा. प्लग लावण्याआधी बोर्ड तपासा, वायरिंगची माहिती असलेला माणूस जवळ ठेवून. एसी व्होल्टवर फेज ते न्यूट्रल २३०च्या आसपास यायला हवं. फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ ९० किंवा १२० असं काहीतरी लटकतं आलं, तर अर्थची वायर कुठेच पोचलेली नाही. अ‍ॅम्प आणि मिक्सर दोन्ही एकाच बोर्डावर, एकाच फेजवर घ्या. मंडपात थ्री-फेज असेल आणि दोन्ही वेगळ्या फेजवर गेले, तर दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात. मग सगळं चालू करून, हात न लावता, मीटरचं एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. एक-दोन व्होल्टपर्यंत ठीक. पाच आले तरी थांबा. कधी कधी दोन पिनच्या अ‍ॅडाप्टरमुळे मीटर ऐंशी-शंभर दाखवतो आणि प्रत्यक्ष प्रवाह अगदी किरकोळ असतो. पण तो किरकोळ आहे की जीवघेणा, हे मीटरच्या आकड्यावरून किंवा झिणझिण्यांवरून ओळखता येत नाही, म्हणून दोन्हीला सारखंच माना. टेस्टरचा दिवा पेटला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नका.

अ‍ॅम्प घूंऽऽ करतो म्हणून अर्थची पिन काढून टाकणारे पुष्कळ आहेत. हे कधीच करू नका. ती घरघर ५० किंवा १०० हर्ट्झची असते. गिटार आणि मिक्सरमध्ये डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जोडणारी छोटी पेटी) लावून त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं की सहसा जाते. तिथे फक्त सिग्नलच्या केबलमधली ग्राउंडची वाट तुटते, तुमचं संरक्षण शाबूत राहतं. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर त्याला स्वतःची अर्थिंगची सळई ठोकली आहे का आणि न्यूट्रल तिला जोडला आहे का, हे वायरमनला विचारा. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. गणपती पावसात येतात, तेव्हा मंचावर ओला गालिचा नको. माइकवर फोमचं टोपण आणि गिटारला वायरलेस लावलं तर संपर्काची वाट तुटते. ती जास्तीची काळजी समजा, अर्थिंगचा पर्याय नव्हे.

कुणी चिकटलंच तर त्याला हात न लावता मेन स्विच पाडा, मग १०८ला फोन करा. श्वास चालत नसेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करा. साऊंडवाल्यांशी हे बोलायला संकोच वाटत असेल तर कार्यक्रमाच्या दिवशी नको, आदल्या दिवशी मांडवात जाऊन बोला. बहुतेक जण ऐकतात.

प्रश्न : एप्रिल-मे आला की माझी अकूस्टिक गिटार खरखरते, फ्रेटची टोकं बोटाला लागतात. पावसाळ्यात तारा उचललेल्या वाटतात. — एक वाचक, जालना

लाकूड सुकतं आणि फुगतं. आपल्या उन्हाळ्यात हवा कोरडी पडते, गिटारची वरची फळी बसते, तारा खाली येतात आणि फ्रेटला घासतात. फ्रेटबोर्ड आकसतो पण फ्रेटची धातू आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर येतात. पावसाळ्यात याच्या उलट.

पेटीत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता हवी. साबणाच्या डबीला भोकं पाडा, आत स्पंज भिजवून घट्ट पिळून ठेवा आणि डबी गिटारच्या डोक्याजवळ ठेवा. स्पंज लाकडाला लागू देऊ नका. दोन-तीन आठवडे असं ठेवल्यावरही टोकं टोचली, तरच कारागिराकडून घासून घ्या. आधी घासलं तर पावसाळ्यात ती आत जातात. कूलरच्या झोतासमोर गिटार नको आणि उन्हातल्या गाडीत तर मुळीच नको. डिंक मऊ पडून ब्रिज उचलला जातो.

मानेचा बाक असा बघा. तारा सुरात लावा, पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावा, आणि मान जिथे खोक्याला मिळते तिथे जाड तार दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांमध्ये ०.२ ते ०.२५ मिलिमीटर जागा हवी. जागाच नसेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) डावीकडे एक अष्टमांश फेरा ढिला करा, दिवसभर थांबा, मग परत मोजा. चावी जोर लावल्याशिवाय फिरत नसेल तर तिथेच थांबा.

प्रश्न : डिस्टॉर्शन लावलं की कॉर्डचा चिखल होतो. पेडल बदलू? — एक वाचक, गेवराई

पेडल नको, कॉर्ड बदला. डिस्टॉर्शनमध्ये दोन सुरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर तयार होतात. सा आणि प यांचं प्रमाण २ : ३, त्यांची वजाबाकी सा-च्याच खालच्या सप्तकात पडते, म्हणून घट्ट वाजतं. गिटारवरचा शुद्ध ग मात्र नैसर्गिक ग-पेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा असतो. तो थरथर आणतो. ग काढून फक्त सा-प वाजवा किंवा गेन (डिस्टॉर्शन किती, ते ठरवणारं बटण) निम्म्यावर आणा. मिड (मधल्या सुरांचं बटण) कमी करू नका, त्याच जागेत गिटार ऐकू येते.

प्रश्न : मराठी शब्द रॉकवर बसत नाहीत, आणि आमची भाषा तर ‘करूलालो, जाऊलालो’ची. प्रमाण मराठीत लिहू का? — एक वाचक, नांदेड

तुमच्या भाषेत लिहा. ‘जाऊलालो’ तोंडाने म्हणून बघा. चारही अक्षरं स्वरावर उघडी राहतात आणि शेवट ‘लो’वर होतो, हवा तेवढा ताणा. हातात आलेलं असं सोनं टाकून ‘जात आहे’ कशाला लिहायचं?

साच्यासाठी अभंग जवळचा आहे. मोठ्या अभंगाच्या कडव्यात अक्षरं ६, ६, ६, ४ आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. उदाहरणादाखल आम्ही एक कडवं जुळवलं आहे : रान भेगाळलं, आभाळ पोळलं, काळीज जळलं, काय गाऊ. चार ठोक्यांच्या एका आवर्तनात आठ अर्धे ठोके असतात. सहा अक्षरं गेल्यावर दोन रिकामे उरतात, तिथे गिटारने उत्तर द्यायचं. शेवटचे चार अर्ध्या आवर्तनात संपतात, पुढचं अर्धं मोकळं सोडा. इथे शांतता आणि लगेच पुढे धृपदाचा स्फोट, ही युक्ती पिक्सीज या बँडने रुळवली आणि कोबेनने त्यांच्याकडून घेतल्याचं स्वतः कबूल केलं.

दोन गोष्टी जपा. ‘रान’ आपण ‘रान्’ म्हणतो. सूर ‘रा’वर धरा, ‘न’वर नको, नाहीतर शब्द परका वाटतो. आणि वरच्या सुरावर ‘आ, ए, ओ’ ठेवा. ‘ई’ आणि ‘ऊ’ तिथे गळा आवळतात. वरच्या कडव्यातही ‘गा’ लांबवा आणि ‘ऊ’ शेवटी अलगद टाका.

प्रश्न : चौघांनी मिळून गाणं केलं. एक जण म्हणतो, कंपनीला देऊन टाकू. हक्क कुणाचा? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

गाण्यात तीन हक्क असतात : शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाचा हक्क सहसा खर्च करणाऱ्याचा, प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला मिळणारा रॉयल्टीचा वाटा सहसा करार करूनही काढून घेता येत नाही. तो गोळा करण्यासाठी १९६९ साली स्थापन झालेल्या आयपीआरएस या संस्थेचं सभासद व्हा. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून ‘कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी’ हे शब्द दिसले की सही थांबवा आणि वकिलाला दाखवा.

स्वतः प्रसिद्ध करायचं तर गाणी ऑनलाइन पोचवणाऱ्या वितरण सेवेकडे २४ बिटची वेव्ह फाइल द्या, आवाजाचं शिखर उणे १ डेसिबलच्या वर नको, आणि प्रसिद्धीच्या तारखेआधी तीन-चार आठवडे. प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी हा १२ चिन्हांचा क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. नावांची स्पेलिंग सगळीकडे एकच असू द्या. नाहीतर पैसे दुसऱ्याच खात्यावर जमा होतात.

चौघांमधली वाटणी मात्र आजच ठरवा. निर्व्हानात आधी वाटा सारखा होता. यश आल्यावर कोबेनने आपला वाटा वाढवून, तोही मागच्या विक्रीपासून मागितला, आणि बँड फुटायच्या बेतात आला. एका कागदावर गाण्याचं नाव लिहा. शब्द कुणाचे किती टक्के, चाल कुणाची किती टक्के, ते मांडा. दोन्हींची बेरीज शंभर-शंभर करा, तारीख घाला, चौघांच्या सह्या घ्या आणि प्रत्येकाने एकेक प्रत घरी ठेवा.